रिंकू सिंग, मायनर लीग आणि पिचरचा कोपर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिंकू सिंग म्हणजे केकेआरचा तोच ना, पाच षटकारवाला?

नाही. पाच षटकार मारणारा रिंकू अलीगढचा, क्रिकेटपटू. आपण बोलतोय तो रिंकू सिंग अमेरिकेत बेसबॉल खेळलेला पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू फेकणारा; तो उत्तर प्रदेशातल्याच भदोही भागातला, १९८८ सालचा, डावखुरा. वडील ट्रक ड्रायव्हर, घरात नऊ भावंडं. तो भालाफेक करायचा आणि लखनऊच्या क्रीडा महाविद्यालयात शिकत होता. २००८ मध्ये बेसबॉलसाठी वेगवान हात शोधणारी ‘मिलियन डॉलर आर्म’ ही स्पर्धा भारतात झाली. सदतीस हजारांवर मुलांनी त्यात चेंडू फेकून पाहिला. ताशी ८७ मैल वेगानं फेकून रिंकू पहिला आला आणि त्याला एक लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. तोवर त्यानं बेसबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या सर्वात वरच्या लीगमधल्या क्लबनं त्याला आणि त्याच स्पर्धेतून आलेल्या दिनेश पटेलला करारबद्ध केलं. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे डिस्नेनं यावर चित्रपटही काढला, त्यामुळे लोकांना कथा करारापर्यंतच ठाऊक असते. माझ्या मते खरी गोष्ट करारानंतरच्या वर्षांत आहे. ती फारशी कुणी सांगत नाही, म्हणून हे पान.

ताशी ८७ मैल म्हणजे १४० किलोमीटर. एवढा वेग असून तो थेट वरच्या लीगमध्ये का गेला नाही?

क्रिकेटच्या डोळ्यांनी पाहिलं तर हा प्रश्न पडणारच. आपल्याकडे १४० टाकणाऱ्याला लगेच वेगवान म्हणतात. पण त्याच सुमारास, २००८ मध्ये, मेजर लीगमधल्या मुख्य फास्टबॉलचा सरासरी वेगच ताशी ९१ मैलांच्या पुढे, म्हणजे १४७ किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे भारतात पहिला आलेला वेग तिथे सरासरीच्याही खाली होता.

त्याहून मोठी अडचण वेगळी होती. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा घेऊन येतो, खेळपट्टी मदत करते. बेसबॉलमध्ये पिचरला १८.४४ मीटरवरून चेंडू हवेतूनच न्यायचा असतो, तोही गुडघा ते छाती एवढ्या उंचीच्या एका अरुंद चौकटीत. समोरचा फलंदाज तेरा-चौदा वर्षं असे चेंडू पाहत मोठा झालेला असतो. त्याला नुसता वेग दाखवून भागत नाही. चौकटीत येईल असं वाटायला लावून बाहेर जाणारा, किंवा उलट, असा चेंडू हातात लागतो. रिंकूनं हे शिकायला सुरुवात केली विसाव्या वर्षी. त्याच्या वयाची अमेरिकन, डॉमिनिकन, व्हेनेझुएलन मुलं तोवर हजारो चेंडू फेकून बसलेली होती.

मायनर लीग म्हणजे रणजी करंडकासारखं काही आहे का?

नाही. रणजीत राज्याचा संघ असतो आणि तो जिंकण्यासाठी खेळतो. मायनर लीगचा संघ एखाद्या मेजर लीग क्लबशी जोडलेला असतो. खेळाडूंचा पगार तो क्लब देतो, प्रशिक्षक त्याचे असतात, आणि कोणी किती चेंडू फेकायचे हेही तोच ठरवतो. गावातले लोक तिकीट काढून आपल्या संघाला टाळ्या वाजवतात, पण व्यवस्थापकाला वरून निरोप आला की चांगला फेकणारा पिचर पाचव्या इनिंगला बाहेर येतो (बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाला तीन-तीन बादांच्या नऊ इनिंग्ज मिळतात).

रिंकूच्या काळात पायऱ्या अशा होत्या: तळाला रूकी लीग, मग उन्हाळ्यापुरती शॉर्ट-सीझन ए, मग ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि सर्वात वर मेजर लीग. २०२१ मध्ये ही रचना बदलली. क्लबांशी जोडलेले संघ १२० वर आणले आणि शॉर्ट-सीझनची पायरीच काढून टाकली. रिंकू ज्या दोन गावांच्या संघांकडून सर्वाधिक ओळखला गेला, त्या स्टेट कॉलेज (स्पाइक्स) आणि चार्ल्सटन (वेस्ट व्हर्जिनिया पॉवर) या दोघांचंही मेजर लीग क्लबशी असलेलं नातं तेव्हा तुटलं.

पिचर ‘घडवतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

बाहेरून फार कंटाळवाणं दिसणारं काम असतं हे. पिचरचा दिवस सामन्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. आधी अंग मोकळं करणं, मग रबरी पट्ट्यांनी खांद्याचे व्यायाम, मग जोडीदाराबरोबर झेलाझेली. ती जवळून सुरू होते आणि हळूहळू लांब जाते. ठरलेल्या दिवशी बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, मातीच्या उंचवट्यावरून वीस-तीस चेंडू, तेही एखादीच गोष्ट डोक्यात ठेवून. आज फक्त पुढचा पाय कुठे पडतो ते पाहायचं. उद्या चेंजअपची पकड. फास्टबॉलच्याच हालचालीनं पण कमी वेगानं येणारा चेंडू म्हणजे चेंजअप. हात जरा जरी मंदावला तरी फलंदाज ओळखतो, म्हणून हा एक चेंडू बसायला काहींना दोन-तीन हंगाम लागतात.

पण बुलपेनमध्ये सगळं शिकता येत नाही. दोन बाद, तिसऱ्या बेसवर धावपटू, समोर डावखुऱ्यांना झोडपणारा फलंदाज: ही वेळ फक्त सामन्यातच येते. म्हणून क्लब पिचरच्या इनिंग्ज मोजून, वर्षागणिक थोड्या वाढवत नेतात. पिचरची खरी कमाई या इनिंग्ज. करारातले डॉलर, रडार गनवरचा आकडा हे त्यामानानं दुय्यम. दुखापतीचा हिशोबही मी याच मापानं करतो.

रिंकूची प्रगती कशी होती? तो फक्त प्रसिद्धीसाठी ठेवलेला होता, असं काही जण म्हणतात.

हा आरोप मला मान्य नाही आणि त्याच्या कामगिरीलाही तो जुळत नाही.

४ जुलै २००९ ला फ्लोरिडातल्या गल्फ कोस्ट लीगमध्ये तो पहिला सामना खेळला. १३ जुलैला त्याच्या नावावर पहिला विजय लागला. पहिल्या हंगामाचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा, ५.८४ होता. हा आकडा वाईटच. पण सुरुवात त्याहून कितीतरी वाईट होती, आणि शेवटच्या सामन्यांत नीट फेकून त्यानं तो इथवर खाली आणला होता. नवख्या पिचरमध्ये प्रशिक्षक हेच शोधतात.

२०१० मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज स्पाइक्सकडे गेला. २०११ मध्ये डॉमिनिकन समर लीग, स्टेट कॉलेज आणि वेस्ट व्हर्जिनिया असा एकाच वर्षात तीन ठिकाणी खेळला. त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात कॅनबेरा कॅव्हलरीकडूनही उतरला. सुट्टीच्या महिन्यांत दुसऱ्या गोलार्धात जाऊन खेळतो तो मागे पडलेल्या इनिंग्ज भरून काढायलाच. मग आलं २०१२. वेस्ट व्हर्जिनिया पॉवरकडून, पूर्ण हंगामाच्या ए लीगमध्ये, राखीव पिचर म्हणून, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर मधेच उतरून, त्यानं ७२ इनिंग्ज टाकल्या आणि ईआरए ३.०० ठेवला. चार वर्षांपूर्वी ज्यानं ग्लव्ह घातला नव्हता त्याचं हे काम आहे. प्रसिद्धीसाठी ठेवलेल्या माणसाला कुणी ७२ इनिंग्ज देत नाही.

आणि दिनेश पटेल?

दिनेश उजव्या हातानं फेकायचा. पहिल्या उन्हाळ्यात दोघं एकाच संघात होते. डिसेंबर २०१० मध्ये पायरेट्सनं त्याला मोकळं केलं आणि तो भारतात परतला. मायनर लीगमध्ये उतरणाऱ्या बहुतेकांचा प्रवास असाच लवकर संपतो. त्यात त्याच्याकडून काही कमी पडलं असं समजू नये.

मायनर लीगमध्ये पैसे किती मिळतात?

त्या काळात फारच कमी. खालच्या पायऱ्यांवर महिन्याला हजार-अकराशे डॉलर, आणि तेही फक्त हंगाम चालू असताना. फेब्रुवारी-मार्चच्या सराव शिबिराचे पैसे नाहीत, हिवाळ्याचे नाहीत. एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जण, जमिनीवर गाद्या, आठ-आठ तासांचा बसप्रवास हे नित्याचं. रिंकूला करारावेळी मिळालेली रक्कम ८,००० डॉलर होती. स्पर्धेचं बक्षीस हाती होतं म्हणून त्याचं जरा बरं चाललं.

मायनर लीगचे खेळाडू २०२२ मध्ये मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्या करारानं २०२३ मध्ये ए पातळीवर वर्षाला किमान २६,२०० आणि ट्रिपल-एमध्ये ३५,८०० डॉलर ठरले. राहण्याची सोयही क्लबनं करायची असते. हे पंधरा वर्षं आधी व्हायला हवं होतं. पोटभर खाणं आणि नीट झोप मिळाली नाही तर हातही सावरत नाही, हे कळायला कुणी तज्ज्ञ लागत नव्हता.

मग २०१३ मध्ये काय झालं?

डावा कोपर गेला. टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागली आणि सलग हंगाम मैदानाबाहेर गेले. डिस्नेचा चित्रपट २०१४ च्या मे महिन्यात आला. जगभर लोक त्याची गोष्ट पाहत होते त्या हंगामात तो स्वतः सामन्यात चेंडू टाकू शकत नव्हता. मला या सगळ्यातली ही गोष्ट सर्वात जास्त लागते.

कोपरच का? आपल्या वेगवान गोलंदाजांची तर पाठ जाते.

दोन्ही खेळांतली फेकण्याची तऱ्हा वेगळी म्हणून. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झाला तर चेंडू अवैध ठरतो. त्यामुळे वेग धाव, उडी, पाठ आणि खांद्यातून येतो आणि मार पाठीच्या मणक्यांवर बसतो. बुमराहची पाठ आठवा. बेसबॉलमध्ये पिचर धावत येत नाही. तो एका जागेवरून पाऊल टाकतो, कोपर वाकवतो आणि हात चाबकासारखा सोडतो. दंड खांद्यात मागे पूर्ण वळतो आणि पापणी लवायच्या आत पुढे फिरतो. सेकंदाला सुमारे ७,००० अंश असा हा वेग मोजला गेलाय. त्या क्षणी कोपराची आतली बाजू उघडू पाहते. तिला धरून ठेवतो दंडाचं हाड आणि करंगळीच्या बाजूचं हाड यांना जोडणारा एक छोटा अस्थिबंध, ज्याला डॉक्टर यूसीएल म्हणतात.

तो एका चेंडूनं क्वचितच तुटतो. आधी बारीक चिरा पडतात, त्या भरायच्या आत पुन्हा ताण येतो. खेळाडू ‘हात जरा आखडलाय’ एवढंच म्हणतो. पिचरच्या तोंडून हे ऐकलं की चांगला प्रशिक्षक त्याच दिवशी चेंडू काढून घेतो.

टॉमी जॉन शस्त्रक्रिया म्हणजे काय? हा टॉमी जॉन डॉक्टर होता का?

नाही, तो रुग्ण. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर. १९७४ च्या जुलैमध्ये ऐन भरात असताना त्याचा हा अस्थिबंध तुटला. तोवर अशा पिचरचं करिअर तिथेच संपायचं. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ ला त्याच्या उजव्या हाताच्या मनगटातला एक स्नायूबंध काढला आणि डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यातून ओवला. पुन्हा खेळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. टॉमी जॉन १९७५ चा पूर्ण हंगाम बाहेर बसला, १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि त्यानं शस्त्रक्रियेनंतर १६४ सामने जिंकले. आधीचे होते १२४.

तो स्नायूबंध तुमच्या हातात आहे का, हे आत्ता पाहता येईल. तळहात वर करा, अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आपल्याकडे वाकवा. मनगटाच्या मधोमध त्वचेखाली दोरीसारखी उभी राहते ती पामॅरिस लाँगस. काही जणांच्या हातात ती जन्मतःच नसते आणि नसल्यानं काही अडतही नाही. म्हणून तर ती काढून वापरता येते. ज्यांच्याकडे ती नाही त्यांच्या मांडीमागचा स्नायूबंध घेतात.

शस्त्रक्रिया झाली की वर्षभरात पूर्ववत होतं ना?

पिचरचं तरी सहसा नाही. बारा महिने ही आशावादी बाजू, अठरा महिने लागले तरी कुणी नवल करत नाही. आधी कोपर पट्ट्यात, मग इंच-इंच सरळ करणं. चार-पाच महिन्यांनी पहिल्यांदा चेंडू हातात येतो, आणि तोही १५ मीटरच्या आतबाहेरून, हलक्या हातानं, मोजून पंचवीस वेळा. मग अंतर वाढवायचं, दिवसाआड. उंचवट्यावर चढायला नऊ-दहा महिने. मग आधी फक्त फास्टबॉल, नंतर वळणारे चेंडू, नंतर सरावात फलंदाज उभा करून, आणि शेवटी खालच्या पायरीवर एका इनिंगचा सामना.

या शिडीवर कुठेही सूज आली की दोन पायऱ्या खाली. पायरेट्सचे जखमी खेळाडू फ्लोरिडात ब्रेडन्टनच्या ‘पायरेट सिटी’ या प्रशिक्षण केंद्रात असतात. रोज सकाळी तेच व्यायाम, शेजारच्या मैदानावर नवी मुलं सामना खेळताहेत, आणि आपल्याला आज तीस चेंडूंची परवानगी. खेळाडू शारीरिक वेदनेपेक्षा या काळाबद्दल जास्त बोलतात. रिंकूच्या बाबतीत घर हजारो मैल लांब होतं, हेही त्यात धरा.

शस्त्रक्रियेनं वेग वाढतो, हे खरं का?

नाही. काहींचा वाढलेला दिसतो तो वर्षभर पाय, पाठ, खांदे यांवर केलेल्या मेहनतीमुळे. निरोगी कोपरावर ‘आधीच करून घेऊ’ असं विचारणारे पालक अमेरिकेत आहेत, हे डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितलंय. याहून चुकीचा विचार दुसरा नाही.

इतके पिचर या दुखापतीतून परत येतात. मग रिंकू मेजर लीगपर्यंत का पोचला नाही?

याचं उत्तर त्याच क्लबमधल्या दुसऱ्या एका पिचरशेजारी ठेवून पाहिलं तर कळतं.

जेमसन टेलन हा टेक्सासमधून आलेला. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, ब्राइस हार्परच्या मागोमाग, देशात दुसऱ्या क्रमांकावर पायरेट्सनं त्याला घेतलं आणि करारावेळी ६५ लाख डॉलर दिले. तोही २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवरकडून खेळला. २०१३ संपेपर्यंत ट्रिपल-एला पोचला. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. २०१५ मध्ये परतायच्या बेतात असताना हर्नियाची शस्त्रक्रिया, म्हणजे दुसरंही वर्ष गेलं. ८ जून २०१६ ला तो अखेर मेजर लीगमध्ये उतरला. २०१७ मध्ये वृषणाचा कर्करोग झाला. मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली आणि जूनमध्ये तो पुन्हा मैदानात होता. २०१९ मध्ये कोपराची दुसरी शस्त्रक्रिया. त्यानंतरही यांकीज, आणि मग शिकागो कब्जबरोबर चार वर्षांचा करार.

टेलनच्या जिद्दीला तोड नाही. पण दोघांमधला फरक फक्त जिद्दीचा नाही. टेलनचा कोपर गेला तेव्हा त्याच्या मागे लहानपणापासूनचं पिचिंग आणि मायनर लीगच्या साडेतीनशेहून जास्त इनिंग्ज होत्या. त्याला जे येत होतं ते परत मिळवायचं होतं. रिंकू चोविसाव्या वर्षी जायबंदी झाला तेव्हा त्याचं शिकणंच चालू होतं. हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए या तिन्ही पायऱ्या बाकी होत्या. ज्या वर्षांत त्या चढायच्या, ती वर्षंच गेली. कोपर नवा करता येतो, पण चोविशी ते सत्ताविशीतल्या न टाकलेल्या इनिंग्ज कुठलाही डॉक्टर परत देत नाही.

पैशाचाही भाग आहे. ६५ लाख गुंतवलेल्या पिचरसाठी क्लब थांबतोच. ८,००० वाल्यासाठी थांबायचं कारण क्लबला शोधावं लागतं. पायरेट्सनं रिंकूला दुखापतीतही कित्येक वर्षं संघटनेत ठेवलं, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

या शस्त्रक्रिया वाढताहेत का?

हो. मेजर लीगनं डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार मेजर आणि मायनर लीग मिळून टॉमी जॉन शस्त्रक्रिया २०१० मध्ये १०४ होत्या, २०२४ मध्ये २८१. कारणं तिन्ही एकमेकांत गुंतलेली: वेगाचा ध्यास, चेंडू अधिकाधिक वळवण्याचा ध्यास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनं टाकणं. फास्टबॉलचा सरासरी वेग आता ९४ मैलांच्या पुढे आहे. मायनर लीगमधल्या मुलाला बढती हवी असते, बढती वेग पाहून मिळते, आणि वेगच कोपर खातो. हे त्या मुलावर सोडून चालणार नाही. निवड करणाऱ्यांनी मोजमाप बदललं तरच फरक पडेल.

रिंकूनं पुढे काय केलं?

२०१८ च्या जानेवारीत त्यानं डब्ल्यूडब्ल्यूईशी करार केला आणि ‘वीर महान’ या नावानं कुस्तीच्या रिंगणात उतरला. आपल्याकडे बरेच जण त्याला त्याच नावानं ओळखतात.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये पिचिंग करतो. काय सांभाळू?

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांची ‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शिका आहे, ती छापून फ्रिजवर लावा. अकरा-बारा वर्षांच्या मुलानं एका दिवसात ८५ च्या वर चेंडू टाकायचे नाहीत, तेरा-चौदाला ही मर्यादा ९५. त्यानंतर किती दिवस विश्रांती हेही त्यात चेंडूंच्या संख्येनुसार दिलंय. एकाच मोसमात शाळा, क्लब आणि प्रवासी संघ असे तीन संघ असतील तर प्रत्येक प्रशिक्षक फक्त आपलेच चेंडू मोजतो. बेरीज तुम्हालाच करावी लागेल. पिचिंग केलेल्या दिवशी त्याला कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलायला, बसू देऊ नका, तिथेही फेकणं असतंच. वर्षातले चार महिने हात पूर्ण बंद, त्यातले दोन-तीन सलग. त्या काळात फुटबॉल, पोहणं, काहीही चालेल.

महाराष्ट्रात शालेय सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणाऱ्या मुलामुलींनाही मोजणी आणि विश्रांतीचं हेच तत्त्व लागू. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं असं मूल म्हणालं, तर बाम चोळून दुसऱ्या दिवशी मैदानावर पाठवू नका. खेळाच्या दुखापती पाहणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ते हो म्हणेपर्यंत फेकणं थांबवा.